मूग नव्हे, मोग!

सिंथेसायझरबद्दल काहीही वाचायला घ्या, एक नाव पावलोपावली भेटतं. स्पेलिंग बघून आपण सगळे त्याला ‘मूग’ म्हणून मोकळे होतो. अमेरिकेतही कितीतरी लोक तसंच म्हणायचे. पण रॉबर्ट मोग स्वतः आपलं आडनाव ‘मोग’ असंच सांगायचा. या माणसाने यंत्रांना गायला लावलं, त्यामुळे मूग गिळून गप्प बसण्याशी त्याचा तसाही काही संबंध नाही! आणि आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तर त्याची गोष्ट वाचायलाच हवी. ट्रान्झिस्टरचं जे समीकरण आपण व्हायव्हाच्या आदल्या रात्री घोकतो, त्यावर याने चक्क अख्खं वाद्य उभं केलं.

बॉबचा जन्म २३ मे १९३४ चा, न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागातला. वडील वीज कंपनीत इंजिनिअर होते आणि घरात त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. आईला मुलाला पियानिस्ट करायचं होतं, त्यामुळे रोज तासन् तास पियानोची सक्ती. पोरगा मात्र संधी मिळाली की वडिलांच्या वर्कशॉपमध्ये. म्हणजे घरात एकीकडे संगीत, दुसरीकडे सोल्डरिंग. पुढे दोन्ही उपयोगी पडलं, हे आईला तेव्हा कोण सांगणार!

चौदाव्या वर्षी त्याने एका हॉबी मासिकातलं डिझाइन बघून थेरेमिन बनवलं. थेरेमिन म्हणजे हात न लावता वाजवायचं रशियन वाद्य. दोन अँटेना असतात. एका हाताच्या अंतराने सूर बदलतो, दुसऱ्याने आवाज कमीजास्त होतो. १९५४ मध्ये, ऐन विशीत, त्याने वडिलांबरोबर थेरेमिन विकायची कंपनीच काढली. क्वीन्स कॉलेजात फिजिक्स, कोलंबियात इलेक्ट्रिकल आणि मग कॉर्नेलमध्ये पीएच.डी., असं शिक्षण चालू असताना हा उद्योगही चालूच. १९६१ मध्ये त्याने ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचं डिझाइन मासिकात छापलं आणि सोबत किट विकायला काढलं. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. तयार वाद्य ज्याला परवडत नाही त्याने सुटे भाग घ्यावेत आणि घरी जोडावेत, असा साधा हिशोब. हजाराच्या आसपास किट खपली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

१९६३ च्या शेवटी रॉचेस्टरला संगीत शिक्षकांचं एक अधिवेशन होतं. बॉब तिथे आपली थेरेमिनं घेऊन गेला होता. तिथे हर्बर्ट डॉइश नावाचा संगीतकार भेटला, त्याच्याकडे मोगचं किट आधीपासूनच होतं. गप्पा निघाल्या. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत करणं म्हणजे महाकटकटीचं काम. ऑसिलेटरची नॉब हाताने फिरवा, एक सूर टेपवर घ्या, मग ब्लेडने टेप कापा आणि तुकडे चिकटवा. पाच मिनिटांच्या रचनेला महिनेसुद्धा लागायचे. डॉइशला काम करता करता लगेच ऐकू येईल आणि बदलता येईल असं काहीतरी हवं होतं.

१९६४ च्या उन्हाळ्यात डॉइश ट्रुमन्सबर्ग या गावी मोगच्या वर्कशॉपवर जाऊन राहिला. तिथे जे घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मोगने ठरवलं की नॉब फिरवण्याचं काम माणसाच्या हाताऐवजी व्होल्टेजने करायचं. ऑसिलेटरला एक व्होल्ट जास्त दिला की सूर बरोबर एक सप्तक वर जावा. सप्तक वर जाणं म्हणजे फ्रीक्वेन्सी दुप्पट होणं. म्हणजे व्होल्टेज बेरजेने वाढतोय आणि फ्रीक्वेन्सी गुणाकाराने. हे करून देणारं समीकरण ट्रान्झिस्टरच्या पोटात आयतंच बसलेलं असतं! बेस आणि एमिटरमधला व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढला की कलेक्टरचा करंट दुप्पट होतो. बाहेरून येणारा एक व्होल्ट तेवढा बारीक करून ट्रान्झिस्टरला द्यायचा, की काम झालं.

आणि खरी गंमत यापुढे आहे. ऑसिलेटर, ॲम्प्लिफायर आणि पुढे फिल्टर असे सगळे वेगवेगळे डबे, आणि सगळ्यांची भाषा एकच, व्होल्टेज. त्यामुळे कुठल्याही डब्याचं आउटपुट केबलने कुठल्याही डब्यात घाला. एका ऑसिलेटरने दुसऱ्याला हलकेच हलवलं तर गळ्यातल्या कंपासारखा आवाज येतो. तोच वेग वाढवला तर भांडी आदळल्यासारखा! मॉड्युलर म्हणतात ते हेच. कुठला आवाज निघणार हे मोगने ठरवलं नाही, ते केबल लावणाऱ्यावर सोडलं.

एकदा डॉइशची तक्रार आली की सूर नुसता भों करून चालू राहतो. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. मोगने त्याला समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दारावरच्या घंटीचं बटण आणायला पाठवलं. बटण दाबलं की कॅपॅसिटर चार्ज होऊन आवाज चढणार, सोडलं की उतरणार. एन्व्हलप जनरेटरचा जन्म हा असा. पुढच्या वर्षी व्लादिमिर उसाचेव्स्की या संगीतकाराने त्याचे चार टप्पे करून मागितले, आणि ते चार आजही प्रत्येक सिंथवर दिसतात. कीबोर्ड लावायचा आग्रहही डॉइशचाच. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोकडे डॉन बुकला तशीच यंत्रं बनवत होता आणि त्याने पियानोसारखा कीबोर्ड मुद्दाम टाळला. कोण बरोबर यावर लोक अजून भांडतात. मला विचाराल तर, डॉइशचं ऐकलं म्हणूनच मोगचं यंत्र साध्या वादकांपर्यंत पोचलं.

ऑक्टोबर १९६४ मध्ये ऑडिओ इंजिनिअर्सच्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात त्याने हे मांडलं. नुसतं दाखवायला गेलेला हा तिशीतला विद्यार्थी परतला तो ऑर्डर घेऊन. पीएच.डी. त्यानंतर, १९६५ मध्ये झाली.

जगाला हे नाव कळलं ते १९६८ मध्ये, वेंडी कार्लोसच्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या रेकॉर्डमुळे. मोग एका वेळी एकच सूर काढायचा, त्यामुळे बाखच्या रचनेतली प्रत्येक ओळ वेगळी वाजवून आठ ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर एकावर एक चढवावी लागली. त्यात ऑसिलेटर सारखे सुरातून घसरायचे. ते १८ मिलिव्होल्ट तापमानाबरोबर बदलतात ना! म्हणजे थोडं वाजवा, पुन्हा सूर लावा, पुन्हा वाजवा. रेकॉर्डच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि १९७० मध्ये तिला तीन ग्रॅमी मिळाले. भारतातही एक मोग आला होता. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एन.आय.डी.त डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो बसवला आणि तिथे काही वर्षं आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. आश्चर्य म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

या मोठ्या यंत्रांची किंमत मात्र हजारो डॉलर, आणि आकार कपाटाएवढा. स्टेजवर नेणं म्हणजे घर हलवणं. १९७० मध्ये मिनीमोग आला. त्याचा पहिला नमुना कंपनीतल्या बिल हेम्सॅथने पडून असलेले भाग जोडून बनवला होता. आतल्या जोडण्या कायमच्या करून टाकल्या, केबलचं जंगल गेलं, आणि यंत्र बगलेत मारून नेता येऊ लागलं. किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास. १९८१ पर्यंत असे सुमारे १२,००० विकले गेले.

पण धंदा मोगला कधी जमला नाही. पेटंट त्याने प्रामुख्याने आपल्या फिल्टरचं घेतलं, बाकी बरंचसं लोकांनी खुशाल वापरलं. कर्ज वाढलं आणि १९७१ मध्ये कंपनी विकावी लागली. १९७३ मध्ये ती नॉर्लिन या बड्या कंपनीकडे गेली. तो तिथे नोकरदारासारखा राहिला आणि १९७७ मध्ये बाहेर पडला. बाहेर पडताना स्वतःचं नावही तिथेच राहिलं! १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात त्याने ‘बिग ब्रायर’ नावाने नवं वर्कशॉप काढलं. सिंथेसायझर म्हटलं की लोक ज्याचं नाव घेतात, त्याला आपल्या यंत्रावर ते नाव लिहिता येईना. मग त्याने काय केलं? पुन्हा थेरेमिन बनवायला घेतलं. कायद्याची लढाई लढून २००२ मध्ये अमेरिकेत नाव परत मिळालं. हातात उरली होती जेमतेम तीन वर्षं. २१ ऑगस्ट २००५ रोजी मेंदूतल्या गाठीने तो गेला, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. त्याची कंपनी २०२३ मध्ये पुन्हा एकदा विकली गेली.

एक व्होल्टला एक सप्तक हा त्याचा हिशोब मात्र चालूच आहे. १९९५ च्या सुमारास जर्मनीच्या डीटर डॉप्फरने छोट्या, त्या मानाने स्वस्त मॉड्यूल्सचं युरोरॅक काढलं, त्यातही तोच हिशोब. आज कुणाला हॉस्टेलवर सुरुवात करायची असेल तर कपाटभर मॉड्यूल्स नकोत. एक सेमी-मॉड्युलर डबा पुरतो. त्याच्या जोडण्या मिनीमोगसारख्या आतून झालेल्या असतात आणि हव्या तिथे केबलने मोडता येतात. घरातला मिडी कीबोर्ड त्याला जोडायला मिडीचा व्होल्टेज करणारा कन्व्हर्टर लागतो (बऱ्याच डब्यांत तो असतोच). त्यातून दोन केबल जातात. एक सुराच्या व्होल्टेजची, दुसरी गेटची, म्हणजे ते घंटीचं बटण. काही जुन्या जपानी सिंथचा हिशोब व्होल्टला सप्तक असा नसून व्होल्टला हर्ट्झ असा असतो. सेकंडहँड घेताना ते आधी विचारा, नाहीतर आख्खी सरगम बेसूर. डबा एकच सूर काढतो म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. लॅपटॉपवर एकेक ओळ रेकॉर्ड करून एकावर एक चढवा, आणि वाजवायच्या आधी यंत्र थोडा वेळ चालू ठेवून गरम होऊ द्या.