मूठभर धान्याचे महादान
(कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवनकार्य)

कोल्हापूरच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंब्याचा तलाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर शहराची तहान याच तलावाच्या पाण्याने भागत असे. त्या दिवसांत एका जैन पाटलाचा मुलगा शिक्षणासाठी या शहरात आला. अंगाने धिप्पाड, कुस्तीचा शौकीन आणि स्वभावाने हट्टी असा हा मुलगा मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण होऊ शकला नाही. पुढे मात्र महाराष्ट्रातील हजारो गोरगरिबांच्या मुलांना त्याने भाकरी दिली आणि त्या भाकरीबरोबर अक्षरही दिले. शिक्षणमहर्षी म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या शिक्षणकार्याचा पाया मात्र घराघरांतून रोज बाजूला काढलेल्या मूठभर धान्यावर उभा होता, याचे स्मरण समाजाने ठेवणे अगत्याचे आहे.

जन्म आणि बालपण

भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात, बाहुबलीच्या डोंगराजवळील कुंभोज या गावी झाला. घराण्याचे गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. मातोश्रींचे नाव गंगाबाई. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने त्यांच्या बदल्या होत आणि भाऊरावांचे शिक्षणही ठिकठिकाणी झाले. घरात जैन आचारधर्माचे कडक पालन होते. जीवदया, व्रते, सोवळे-ओवळे या वातावरणात ते वाढले.

लहानपणापासून एक गोष्ट मात्र त्यांना खटकत राही. मुंगीलाही जपणाऱ्या गावात माणसाला विहिरीवर पाणी मिळत नव्हते. अस्पृश्य मानलेल्या समाजातील बायाबापड्या विहिरीपासून दूर उभ्या राहून कोणी पाणी वाढील काय याची वाट पाहत. हे दृश्य सहन न होऊन भाऊरावांनी त्या विहिरीवरील रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. अहिंसेचा जो अर्थ त्यांना उमगला, तो असा कृतीचा होता.

कोल्हापूरचे दिवस

राजाराम हायस्कूलमध्ये शिकण्यासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने त्या काळी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. खेड्यातील मुलाची राहण्या-जेवणाची सोय झाल्याखेरीज शाळेचा दरवाजा त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने उघडत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. भाऊरावांच्या मनावर हा संस्कार कायमचा झाला.

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव हौसेने गेले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असा आग्रह बोर्डिंगच्या अधीक्षकांनी धरला. अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. विद्वान आणि समाजसुधारणेची तळमळ असलेले ते गृहस्थ होते. परंतु संस्थेच्या नियमास ते बांधलेले होते. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो हे त्यांना मान्य नव्हते. परिणामी बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयास ठेवून घेतले.

या प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. आपल्याच समाजाच्या पंगतीतून उठावे लागले, याची कटुता त्यांनी मनात धरली नाही. पुढे १९१४ मध्ये डांबर प्रकरणात लठ्ठे यांच्या विरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर प्रचंड दडपण आले. त्यांना तुरुंगवास व हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. तरीही ते असत्य बोलले नाहीत. ज्यांच्या नियमामुळे आपले ताट गेले, त्यांच्याच विरुद्ध खोटे बोलण्यास त्यांनी नकार दिला. क्षमा आणि सत्य ही तत्त्वे व्याख्यानाची नसून आचरणाची आहेत, हे त्यांनी ऐन तारुण्यात दाखवून दिले.

पंगतीची कल्पना

उपजीविकेसाठी भाऊरावांनी नाना उद्योग केले. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याकडील कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. या भटकंतीत त्यांनी शेतकऱ्यांचे दारिद्र्य जवळून पाहिले. ज्या घरात सुगीनंतर काही महिन्यांतच कणगीचा तळ दिसू लागतो, त्या घरातील मुलगा शाळेत जाऊन बसणार कसा, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करी. मुलाला शाळेत घातले की घरातील राबणारे दोन हात कमी होतात आणि दूरच्या गावी ठेवावे तर खर्चाची सोय नाही. अज्ञानाचे मूळ भुकेत आहे, हे त्यांनी अशा रीतीने प्रत्यक्ष पाहिले.

१९१९ च्या ऑक्टोबरात, विजयादशमीच्या सुमारास, कराडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, रामोशी अशा सर्व घरांतील मुले तेथे एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून खात. कोल्हापुरात स्नानाच्या अटीवरून ज्यांचे ताट गेले होते, त्यांनी आता अशी पंगत मांडली, की तीत कोणालाही जात विचारली जात नव्हती.

मुष्टिफंड

पंगत मांडणे सोपे, ती रोज चालविणे कठीण. सरकारी अनुदान तुटपुंजे आणि बेभरवशाचे होते. संस्थानिक व धनिक यांच्या देणग्या येत, त्याही कधी तरी. भूक मात्र दिवसातून दोनदा येते. भाऊरावांनी यावर जो उपाय योजला तो मुष्टिफंड या नावाने प्रसिद्ध आहे.

योजना अगदी साधी होती. घरातील स्त्रीने रोज दळणास बसताना सुपातील मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकावयाचे. ज्वारी असो, बाजरी असो वा नाचणी, घरात जे असेल ते. काही दिवसांनी वसतिगृहाची मुले पोती घेऊन गावात येत आणि साठलेले धान्य घेऊन जात. त्या धान्याच्या भाकरी मुलांच्या ताटात पडत.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मूठभर ज्वारी सुमारे ३५ ग्रॅम धरली तर एका घरातून महिन्याला एक किलोच्या आसपास धान्य जमते. शंभर घरांच्या वाडीतून महिन्याला एक क्विंटल होते. देणाऱ्या घराला एका मुठीची उणीव जाणवतही नाही, आणि घेणाऱ्याचे पोट भरते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात घरटी पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला होता आणि त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला होता. परंतु खेड्यातील स्त्रीच्या हाती पैसा क्वचितच येई. तिच्या हाती असे ते धान्य. भाऊरावांनी तिला परवडेल आणि तिच्या अधिकारात असेल असेच दान मागितले. दूर मिझोरामच्या डोंगराळ मुलुखातही १९१० पासून स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ सार्वजनिक कामासाठी बाजूला काढीत आल्या आहेत. थोर कल्पना निरनिराळ्या ठिकाणी अशाच चुलीजवळ जन्म घेतात.

मुष्टिफंडाचा दुसरा गुण अधिक मोलाचा होता. जिने कधी शाळा पाहिली नाही, त्या बाईला आपण शाळा चालवितो ही जाणीव झाली. तिने टाकलेली मूठ कोणत्या जातीच्या मुलाच्या ताटात जाईल हे तिला ठाऊक नसे आणि मुलालाही आपली भाकरी कोणत्या घरची हे कळत नसे. एकदा पोत्यात मिसळलेली ज्वारी कोणाची म्हणून निवडता येत नाही. देणाऱ्याला अहंकार नाही आणि घेणाऱ्याला लाजिरवाणेपणा नाही, असे ते दान झाले. शिवाय मुले फुकट खात नव्हती. शेतात राबावे, दगडमाती वाहावी, स्वयंपाक करावा आणि शिकावे, असा वसतिगृहाचा दंडक होता. कमवा आणि शिका या योजनेचे बीज यातच आहे.

माउलीचे मंगळसूत्र

या कार्याचा विचार लक्ष्मीबाईंच्या स्मरणाखेरीज पूर्ण होत नाही. भाऊरावांच्या या धर्मपत्नी कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या होत्या. अठरापगड जातींची मुले घरात वावरू लागली तेव्हा त्यांना प्रथम जड गेले. हळूहळू ती सर्व मुले त्यांची झाली. त्यांच्या आजारपणात उशाशी बसणे, त्यांना वेळेवर जेवू घालणे हेच त्यांचे व्रत झाले. अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले गेले. एकदा भाऊराव निधीसाठी फिरतीवर असता वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी राहणार हे पाहून लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्यातून धान्य आणविले. ज्या काळी सौभाग्यलेणे उतरविणे हे अशुभाची परिसीमा मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. मुष्टिफंडात हजारो स्त्रियांनी मूठ टाकली. या माउलीने आपले सर्वस्व टाकले.

कसोटी

पुढील काळात कार्य विस्तारत गेले. पुणे कराराच्या भावनेतून १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग, १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज अशी एकामागून एक पावले पडली.

१९४८ मध्ये मोठे संकट आले. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी केलेल्या परखड टीकेमुळे तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊराव नमले नाहीत. आयुष्यभर भुकेल्यांना अन्न देण्याचा उपदेश करणारे संत गाडगे महाराज त्यांच्यासाठी पुढे आले आणि त्यांच्या मध्यस्थीने अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले. एका हुकुमाने थांबू शकते ते अनुदान आणि हजारो घरांतून रोज येते ते दान, यांतील अंतर या प्रसंगाने स्पष्ट केले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी आणि भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी ९ मे रोजी या कर्मयोग्याची प्राणज्योत मालवली. वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेल्या त्यांच्या संस्थेच्या पारंब्या सर्वदूर रुजल्या आणि शाखांची संख्या सातशेच्या पुढे गेली.

आजचे कर्तव्य

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. भाऊरावांच्या मुठीत ही चारही एकत्र आली. भाकरीने आहार दिला, आजारपणातील सेवेने औषध दिले, शाळेने शास्त्र दिले आणि पंगतीने, जन्मावरून हाकलले जाण्याचे भय घालवून, अभय दिले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा गावोगावच्या घरांतून भाकरी-चटणीची गाठोडी पूरग्रस्तांकडे रवाना झाली. आपल्या माणसांचे हात देते आहेत, याची ती साक्ष होती. परंतु पूर ओसरला की दानाचाही ओघ ओसरतो. रोजंदारी बुडालेला मजूर, एकाकी वृद्ध, परगावाहून शिकायला आलेला गरीब विद्यार्थी, रुग्णाच्या उशाशी बसलेले नातलग यांची भूक पुरासारखी बातमीत येत नाही. ती रोजची असते आणि रोजच्या भुकेला रोजचीच मूठ हवी.

आज जाते गेले, दळण गिरणीत गेले आणि ज्वारीची जागा पुष्कळ घरांत पाकीटबंद पिठाने घेतली. तरीही डब्याशेजारी आणखी एक लहान डबा ठेवण्यास कोणतीच अडचण नाही. आठवड्यातून एकदा गल्लीतील एका मुलाने ते डबे रिकामे करून आणले, तर धान्याची पेढी उभी राहण्यास मोठ्या देणगीदाराची वाट पाहावी लागणार नाही. तेथून धान्य नेणाऱ्याची जात, पंथ वा गाव मात्र कोणी विचारू नये. तो प्रश्न विचारला गेला म्हणूनच एका विद्यार्थ्याला कोल्हापुरातील पंगतीतून उठावे लागले होते. त्याने आयुष्यभर दिलेल्या उत्तराची आठवण ठेवून प्रत्येक घराने एक मूठ बाजूला काढावी. कर्मवीरांचे तेच खरे स्मारक होय.