असिसीचे संत फ्रान्सिस : अंधारात गाइलेले सूर्यस्तोत्र

इटलीतील असिसी नगरीच्या एका धनाढ्य कापडव्यापाऱ्याच्या घरी इ. स. ११८१ च्या सुमारास फ्रान्सिस ह्यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात पेरुजाच्या लढाईत बंदिवास व त्यामागून दीर्घ आजार वाट्यास येऊन त्यांचे मन ऐहिक वैभवास विटले. १२०६ साली बिशपांसमक्ष अंगावरची वस्त्रेदेखील पित्यास परत देऊन त्यांनी दारिद्र्य पत्करिले.

सूर्य, वारा, पाणी ही त्यांस एकाच स्वर्गीय पित्याची लेकरे वाटत. परंतु हे बंधुत्व सुखात सुचलेले नव्हे. १२१९ साली ते मिसर देशी गेले. तिकडून परतल्यावर नेत्ररोगाने त्यांस ग्रासिले. १२२५ साली सान दामियानो येथे ते झोपडीत पडून होते. उजेड डोळ्यांस सोसवत नसे आणि रात्री उंदीर झोपू देत नसत. त्याच अवस्थेत त्यांनी सृष्टिकर्त्याचे स्तोत्र लोकांच्या बोलीत रचिले, आणि ज्या सूर्याचे किरण डोळ्यांत सलत त्यालाच त्यात बंधू म्हटले! पुढे वैद्यांनी तापल्या लोखंडाने कानशिलावर डाग दिला, तेव्हा अग्निबंधूस त्यांनी सौम्य होण्याची विनंती केली. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी देह ठेवण्यापूर्वी त्या स्तोत्रात मरणासही त्यांनी भगिनीचे स्थान दिले.

प्रिय बंधुभगिनींनो, हाताशी आलेले पीक पाण्यात जाते, घरात दुखणे मुक्काम करिते, तेव्हा सृष्टीत देवाचा हात दिसेनासा होतो. फ्रान्सिस ह्यांनीही तो डोळ्यांनी नव्हे, विश्वासाने ओळखिला. तीच दृष्टी आपण परमेश्वरापाशी मागू या.