अंधांच्या कैवारी हेलन केलर

हेलन केलर हे नाव उच्चारताच हातपंपाखाली हात धरून उभी असलेली लहान मुलगी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कंबिया गावी त्यांचा जन्म झाला. अवघ्या एकोणीस महिन्यांच्या असता दुखण्यात त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेल्या. १८८७ साली आलेल्या ॲन सलिव्हन या शिक्षिकेने त्यांस बोटांच्या खुणांनी भाषा दिली, आणि १९०४ साली हेलनबाई पदवीधर झाल्या. क्रमिक पुस्तकांतील कथा बहुधा येथेच थांबते. वास्तविक, अधिक कठीण कार्य त्यापुढचे होते.

त्या काळी अंधशाळांतील कित्येक मुले जन्मतःच झालेल्या संसर्गाने अंध झालेली असत. मातेच्या गुप्तरोगाचे विष प्रसूतीसमयी अर्भकाच्या डोळ्यांत जाई. लाइपझिगच्या डॉ. क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बालकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या प्रसूतिगृहात शेकडा दहाच्या आसपास असलेला हा रोग शेकडा एकाहूनही खाली आला. औषध स्वस्त होते. अडचण लज्जेची होती. घरंदाज समाजात त्या रोगाचे नावही निघत नसे. १९०७ साली स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात हेलनबाईंनी या विषयावर उघडपणे लिहिले. अविवाहित, अंध स्त्रीने असे लिहावे, हे धैर्य सामान्य नव्हे.

पुढे निधीचा प्रश्न आला. उपजीविकेसाठी काही वर्षे रंगमंचावर कार्यक्रम केल्यावर १९२४ पासून त्या अंधांसाठी कार्य करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकरिता गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. हात पसरणे त्यांच्या मानी स्वभावास रुचत नसे. परंतु सोबतच्या सलिव्हनबाईंची स्थिती त्या जाणत होत्या. दारिद्र्यात वाढलेल्या या गुरूचे डोळे बालपणीच खुपऱ्यांनी बिघडले होते, अनेक शस्त्रक्रिया होऊनही अखेरीस दृष्टी गेलीच. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या.

३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबांच्या अधिवेशनात हेलनबाईंनी टाळता येण्याजोगे अंधत्व नाहीसे करण्याचे कार्य त्यांच्या पदरी घातले. व्यापारी मंडळींनी ते केवळ टाळ्या वाजवून सोडले नाही, हे विशेष. त्यातून पुढे नेत्रपेढ्या व रुग्णालये निघाली; ऑस्ट्रेलियात पर्थ येथील नेत्रसंशोधन संस्थाही लायन्सच्या साहाय्याने उभी राहिली.

१९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, हेलनबाई भारतात येऊन पंडित नेहरूंना भेटल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लायन्सचा आंतरराष्ट्रीय निधी स्थापन झाला. १९९० पासून त्याच्या दृष्टिरक्षण योजनेतून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना द्रव्य मिळू लागले, आणि पुढे इथियोपियात खुपऱ्यांच्या निर्मूलनासही. सलिव्हनबाईंची दृष्टी हिरावणारा हा रोग भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले.