मरहूम संपादक शोएबुल्ला खान

लातुरास वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला, ही गोष्ट नांदेड-लातूरच्या पेठांत कोणास सांगावी लागत नाहीं. परंतु त्याच्या युद्धनादास त्याच्याच धर्माच्या ज्या तरुण संपादकानें उघड विरोध केला, त्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंकाच आहे.

शोएबुल्ला खान यांचा जन्म १९२० सालीं तेलंगणांत झाला. प्रथम ‘तेज’ व पुढें ‘रय्यत’ या पत्रांत त्यांनीं लिहिलें. दोन्हीं निजाम सरकारनें बंद पाडलीं. तेव्हां त्यांनीं ‘इमरोज’ हें उर्दू पत्र काढलें. १९४८ सालीं हैदराबादेंत लढाईच्या वल्गनांस टाळ्या पडत, आणि विलीनीकरणाचा शब्द काढणारा मुसलमान घरभेदी ठरे. हिंदूनें विरोध करावा हें रझाकारांनीं गृहीतच धरलें होतें. स्वकीयाचा विरोध मात्र त्यांस सोसवेना. त्या ऑगस्टांत सात मुसलमान गृहस्थांनीं रझाकार संघटना मोडावी व संस्थान हिंदुस्थानांत सामील व्हावें, असें पत्रक काढलें. खानांनीं तें छापलें. लागलीच रझवीनें भर सभेंत असे हात छाटण्याची धमकी दिली. ती पोकळ नव्हती. २१ ऑगस्टच्या रात्रीं कचेरींतून घरीं परततांना काचीगुड्याजवळ खानांवर पाठीमागून गोळ्या झाडल्या गेल्या व त्यांचा हात तोडण्यांत आला. सोबतच्या मेहुण्यावरही वार झाले. पहाटे खान निवर्तले. वयाचीं अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

१३ सप्टेंबरास फौज आली, १७ सप्टेंबरास निजाम शरण आला. पुढचें लिहिणें आम्हांस सुखाचें नाहीं. रझाकारांनीं आमच्या मुलखांत खेडीं लुटलीं, माणसें मारलीं, हें खरें. परंतु सूड उगवला गेला तो बहुतांशीं निरपराध शेजाऱ्यांवर. पंडित सुंदरलाल यांच्या मंडळानें अत्यंत पीडित म्हणून जे चार जिल्हे नोंदले, त्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हां त्याच जिल्ह्यांत मोडे. त्या मंडळाचा अहवाल सरकारनें कित्येक दशकें दडपून ठेविला. शेजाऱ्यांवर हात टाकणाऱ्या त्या जमावांत एखाद्यास तरी, चार आठवड्यांपूर्वींच मारल्या गेलेल्या या संपादकाची आठवण झाली असेल काय?

दरवर्षीं १७ सप्टेंबरास शाळांतून झेंडावंदन होतें, हुतात्म्यांचीं नांवें वाचलीं जातात. त्या यादींत शोएबुल्ला खान हें नांव घालावें, अशी नांदेड व लातूर येथील शाळाचालकांस आमची सूचना आहे.