ताराबाई मोडक: मुलाच्या आवडीमागे जाणाऱ्या शिक्षिका

तुमचे मूल तीन-चार वर्षांचे असेल तर हा अनुभव तुम्हाला रोज येत असेल. तुम्ही मुळाक्षरांचे पुस्तक पुढे ठेवता आणि मूल डब्यांची झाकणे काढत-लावत बसते. बाहेर गेले की मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास हलत नाही. मग आपल्याला काळजी वाटते, की शेजारच्या मुलाला अंक येतात, आपले मागे पडते आहे का?

बहुतेक वेळा ते मागे पडत नसते, शिकत असते. महाराष्ट्राला हे पटवून देण्यात ताराबाई मोडक यांचे आयुष्य गेले. अंगणवाडी हा शब्द आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात ऐकू येतो. त्यामागची मूळ कल्पना ताराबाईंची आहे.

सुरुवातीचे आयुष्य

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे हे त्या घरात वेगळे सांगावे लागत नव्हते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती. त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात एका भारतीय स्त्रीसाठी हे मोठे पद होते.

भावनगर: आधी बघायला शिकणे

त्याच सुमारास भावनगरमध्ये गिजुभाई बधेका हे वकिली सोडून लहान मुलांचे बालमंदिर चालवत होते. त्यांच्यावर मारिया माँटेसरी यांचा प्रभाव होता. माँटेसरी मूळच्या डॉक्टर. त्यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलाला योग्य वस्तू हाताळायला दिल्या आणि मध्ये पडले नाही, तर ते स्वतःहून तेच काम पुन्हा पुन्हा करते आणि त्यातून शिकते, हे त्यांनी दाखवून दिले.

१९२३ मध्ये ताराबाई स्थिर पद सोडून भावनगरला गेल्या. तिथे मोठ्यांचे पहिले काम निरीक्षणाचे होते. मूल कशापाशी थांबते, काय पुन्हा करते, कुठे अडते हे बघायचे आणि त्यानुसार पुढची वस्तू द्यायची. मार नाही, धाक नाही आणि बक्षिसाचे आमिषही नाही. १९२६ मध्ये या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिकेतून ताराबाई पालकांसाठीही लिहू लागल्या.

वैद्यकीय दृष्टीनेही हे योग्य आहे. तीन ते सहा या वयात बोटांची बारीक हालचाल, हात आणि डोळ्यांचा मेळ आणि भाषा वेगाने विकसित होत असते. झाकण फिरवणे, पीठ मळणे, शेंगा सोलणे यातून बोटे पेन्सिलीसाठी तयार होतात. बोटे तयार नसताना अक्षरे गिरवायला लावली, तर मूल थकते आणि लिहिण्याचा कंटाळा करू लागते.

दादर ते बोर्डी

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहारचे काम उभे केले. तिथे मराठीतून बालशिक्षिका तयार होऊ लागल्या. काम चांगले चालले होते, पण त्याचा लाभ मुख्यतः शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांना होत होता. माँटेसरीची लाकडी साधने महाग होती. खेड्यातल्या मुलाने काय करायचे, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव आता पालघर जिल्ह्यात येते. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. आईवडील मजुरीला जात. मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळत किंवा गुरे राखत.

तेव्हा ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवले. शिक्षिका पाड्यावर जात, अंगण झाडून घेत आणि मुलांना गोळा करत. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. ही ती अंगणवाडी. आरोग्य आणि शिक्षण तिथे एकाच अंगणात आले.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. शंख-शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काड्या, माती. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलके हे महागड्या लाकडी साधनांनी जसे कळते तसेच शिंपल्यांनीही कळते. शिवाय मुलांना त्यांची आधीच ओळख आणि ओढ होती.

कोसबाड

पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. धाकट्या भावंडामुळे मुलगी शाळेत येत नाही हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवली. तिला विकासवाडी म्हणत. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालवले.

तुमच्या घरी हे कसे करता येईल?

तुम्ही अकोल्यातल्या ठाकरवाडीत राहत असा, नेवाशाच्या उसाच्या पट्ट्यात की नगर शहरातल्या फ्लॅटमध्ये, ताराबाईंची पद्धत घरी वापरता येते. त्यासाठी महागडा संच लागत नाही.

- आठवडाभर फक्त बघा. मूल कशापाशी जास्त वेळ रमते? पाणी, माती, गाड्या, गुरे की स्वयंपाक?
- त्याच आवडीत पुढची पायरी द्या. पाणी आवडते तर दोन तांबे द्या आणि न सांडता ओतायला सांगा. माती आवडते तर कुंडीत मेथी पेरू द्या. बैल आवडतात तर पोळ्याला मातीचे बैल करू द्या आणि त्यांचे पाय, शिंगे मोजायला सांगा.
- खरे काम द्या. भाकरीच्या पिठाचा गोळा, मटार सोलणे, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावणे.
- मध्ये बोलू नका. चुकले तरी थोडे थांबा. मूल मदत मागेल तेव्हाच हात लावा.
- आवड बदलली तर बदलू द्या. या वयात ते स्वाभाविक आहे.

आवडीमागे जाणे म्हणजे प्रत्येक हट्ट पुरवणे नव्हे. झोप, जेवण आणि सुरक्षितता यांचे नियम मोठ्यांनीच ठरवायचे. मोबाईल ही या अर्थाने आवड धरू नये. त्यात बोटांना आणि शरीराला फारसे काम नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तम. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी.

ही काळजी घ्या

बिया, मणी, चिंचोके यांच्याशी खेळताना मोठे माणूस जवळ हवे. मुले ते नाकात, कानात घालतात. तीन वर्षांखालच्या भावंडाच्या हाती ते पडू देऊ नका. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे खायला देऊ नका, घशात अडकून श्वास कोंडू शकतो. घड्याळातली गोल चपटी बॅटरी गिळली किंवा नाकात गेली तर लगेच दवाखाना गाठा. शेततळे, विहीर, पाण्याची टाकी आणि फवारणीची औषधे यांपासून मूल दूर राहील अशी व्यवस्था करा. पाण्याची आवड असलेल्या मुलाबाबत तर दुप्पट सावध राहा.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, इतर मुलांत अजिबात मिसळत नसेल, पूर्वी येत असलेले शब्द किंवा कौशल्य गमावत असेल, किंवा एकाच वस्तूत इतके अडकत असेल की दुसरे काहीच सुचत नाही, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. अंगणवाडीताईंना तारीख विचारा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. तुम्ही रोज घरी जे बघता, त्याची डॉक्टरांना मोठी मदत होते.