सुभेदार मल्हारराव होळकर : घरातला माणूस

आम्हा इंदूरकरांना सुभेदार मल्हारराव भेटतात ते राजवाड्यामुळे, मल्हारगंजामुळे. मुलांना मोहिमांची यादी पाठ असते. घरातले मल्हारराव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात, म्हणून आज त्यांच्याविषयी.

जन्म 1693 चा, जेजुरीजवळच्या होळ गावचा. वडील खंडोजी लवकर गेले. आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला, भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे आली. तिथे मेंढरे राखणारा हा भाचा पुढे मामांच्या पथकात शिलेदार झाला आणि मामांची मुलगी गौतमाबाई हिच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे बाजीराव पेशव्यांची चाकरी, माळव्याची सुभेदारी, 1739 ची वसई, 1758 मध्ये राघोबादादांबरोबर लाहोरपर्यंतची दौड. हे सर्व पुस्तकांत आहेच.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती खासगी. 1734 मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर मिळाली. दौलतीचे उत्पन्न वेगळे, खासगीचे वेगळे, आणि खासगीवर हक्क घरच्या बाईचा. आमची हयात बँकेत गेली, त्यामुळे ही वेगळी खाती पाहून मनापासून कौतुक वाटते. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट नि देवळे बांधली, ती याच खासगीच्या पैशातून.

एकुलता मुलगा खंडेराव. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची अहिल्या 1733 मध्ये सून म्हणून घरात आली. 1754 मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा पडला असताना तोफेच्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा साठी ओलांडलेल्या या लढवय्याने सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली आणि तिला थांबवले. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. त्यांनी तिच्या हाती कारभार सोपवला. स्वतः मोहिमेवर असताना पत्रे पाठवून हिशोब, रसद, अगदी तोफखान्याचीही कामे तिला सांगितली. त्या काळात किती सासऱ्यांनी असे केले असते?

पानिपतावरून ते फौजेसह निघून आले, यावर आमच्या मंडळींत अजूनही वाद रंगतो. आमचे मत विचाराल तर, दोष द्यायचाच तर द्यावा, पण त्याच 1761 सालात गौतमाबाईही गेल्या आणि तरीही वर्षअखेर मांगरोळला जयपूरकरांशी लढून हा म्हातारा जखमी झाला, तेही सांगावे.

20 मे 1766 रोजी आलमपूरला सुभेदारांचे निधन झाले. नातू मालेराव गादीवर आला, पण वर्षभरातच तोही गेला. मग दौलत सांभाळायला पुढे आली ती कुंभेरीला सासऱ्याच्या शब्दाखातर मागे राहिलेली सून. आलमपूरची छत्री तिनेच बांधवली.