कर्नल टेलर : बर्बनच्या सचोटीचे पहारेकरी

बर्बनची चव नव्याने शिकणाऱ्याला जाणकार पहिला धडा देतात, तो बाटलीवरील मजकूर वाचण्याचा. व्हॅनिला, जळलेली साखर, ओकचे लाकूड हे स्वाद ओळखू येण्यापूर्वी पेल्यात नेमके काय आहे, याची खात्री हवी. ग्राहकाला ही खात्री मिळवून देणाऱ्यांत अमेरिकेतील केंटकीचे कर्नल एडमंड हेन्स टेलर अग्रभागी होते.

१८३० मध्ये जन्मलेल्या टेलर यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. फ्रँकफर्ट येथे बँक चालवणाऱ्या काकांनी त्यांचा सांभाळ केला. बँकव्यवसायातून ते मद्यनिर्मितीकडे वळले आणि १८७० च्या सुमारास केंटकी नदीकाठी त्यांनी ‘ओ. एफ. सी.’ ही भट्टी उभी केली. पुढे आर्थिक अडचणींमुळे ती जॉर्ज स्टॅग यांच्या हाती गेली. टेलर मात्र खचले नाहीत. वुडफर्ड परगण्यात त्यांनी चुनखडी दगडाची, किल्ल्यासारखी नवी भट्टी बांधली. फ्रँकफर्टचे नगराध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे भूषवले.

त्या काळी बर्बन बहुतांशी पिंपातून विकली जाई. भट्टीतून निघालेल्या मद्यात वाटेतील व्यापारी कच्चा मद्यार्क, रंग, मनुकांचा रस, प्रसंगी तंबाखूही मिसळत. वर्षानुवर्षे मुरलेले मद्य आणि रंगवलेला मद्यार्क यांतील फरक सामान्य ग्राहकाला कळणार कसा? टेलर यांनी अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या साहाय्याने शुद्धतेसाठी कायद्याचा आग्रह धरला. मार्च १८९७ मध्ये तो संमत झाला. मद्य एकाच भट्टीतील, एकाच हंगामातील असावे. सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान चार वर्षे मुरावे. त्यात मद्यार्काचे प्रमाण ५० टक्के असावे, अशा त्याच्या अटी होत्या. बुचावरची सरकारी मोहोर त्याची साक्ष देई.

यात टेलर यांचा स्वार्थ नव्हता, असे म्हणता येणार नाही. मिश्रण करणारे व्यापारी हे त्यांचे प्रतिस्पर्धीच होते. तरीही त्यांच्या लाभाची वाट ग्राहकाच्या हितावरून गेली. अन्नशुद्धीचा व्यापक कायदा अमेरिकेत आला तो त्यानंतर, १९०६ मध्ये.

१९२३ मध्ये टेलर यांचे निधन झाले, तेव्हा देशात दारूबंदी होती आणि त्यांची भट्टी थंड पडलेली होती. बंदी उठली, मोहोरही कालांतराने गेली. परंतु ‘बॉटल्ड इन बाँड’ या तीन शब्दांमागील मूळ अटी आजही पाळल्या जातात. नवशिक्याने चवीची तुलना अशा बाटलीपासून सुरू करावी; तिचे वय, हंगाम आणि तीव्रता यांबाबत संशयाला जागा उरत नाही.